आडभिंतीपलीकडचे ठोके

पाणबुडी बंदरात उभी होती तोवर दोरा ताठ होता. मोटररूमच्या डाव्या फासळीपासून, म्हणजे बोटीच्या अंगाला आतून धरणाऱ्या पोलादी कमानीपासून, उजव्या फासळीपर्यंत बांधलेला साधा पांढरा शिवणाचा दोरा. बोटाने छेडला की बारीक आवाज द्यायचा. बोट खोल जाऊ लागली तसा तो आधी मुका झाला, मग मध्यावर किंचित झुकला, आणि शेवटी त्याच्या झोळात करंगळी सहज मावली असती इतका खाली आला. दोरा वाढला नव्हता. भिंती जवळ आल्या होत्या.

बाहेरून पाणी दाबतं तेव्हा पोलादाचं अंग आकसतं. ते गोल असतं ते यासाठीच: दाब सगळीकडून सारखा येतो आणि सारखा वाटला जातो, एका कोपऱ्यात साठत नाही, कारण कोपराच ठेवलेला नसतो. हे मोजायला, दोरा बांधणाऱ्या गोदीतल्या इंजिनिअर बाईपाशी यंत्रं होती आणि ती दोऱ्यापेक्षा कितीतरी बरी होती. पण दोरा झुकताना पाहिला की आजूबाजूचे खलाशी बोलायचे थांबत, आणि तिला तेवढीच शांतता हवी असे. तिचं काम ऐकायचं होतं. बोट पाण्यात किती आवाज करते, कुठून करते आणि का करते, हे ती गोदीसाठी शोधून काढायची. खलाशी तिला कानवाल्या मॅडम म्हणत, आधी पाठीमागे आणि आता तोंडावर.

मग ठोके आले.

ठक. ठक. ठक. आडभिंतीच्या बाजूने, धातूवर धातू. मग खंड. पुन्हा तीन.

"आले मिस्त्री," पॅनेलपाशी बसलेला इलेक्ट्रिशियन हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात भीती नव्हती. ड्यूटीवर वेळेत पोचलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं तो बोलला.

तिने हेडफोन कानावर घट्ट धरले आणि डोळे मिटले. ती ऐकत असलेली ही तिसरी खेप होती.

मिस्त्री म्हणजे तिचे वडील.

या मोटररूमचे ते प्रमुख होते. दोन वर्षांपूर्वी, बोट अशीच खोल असताना, यंत्रं थंड करायला समुद्राचं पाणी आत आणणाऱ्या नळाचा सांधा तुटला. पाणबुडीत आडव्या भिंती असतात त्या अशा वेळेसाठी. एक कप्पा गेला तरी बोट जाऊ नये, म्हणून प्रत्येक भिंतीत एकच गोल दार, परातीसारखं फुगीर, आणि त्याला दोन्ही बाजूंनी चाक. एकाच दांड्यावर बसवलेली दोन चाकं. एक फिरवलं की दुसरं फिरतं. कुणीही, कुठल्याही बाजूने, कधीही उघडू शकावं. मिस्त्रींनी हाताखालच्या माणसांना पुढच्या कप्प्यात ढकललं आणि दार लावून घेतलं, पण आतून. पुढच्या लोकांनी बॅलास्ट टाक्यांमध्ये हवा सोडून पाणी बाहेर फेकलं, बोट जड शेपटीने कशीबशी वर आली, चाळीस माणसं सूर्यप्रकाशात खोकत उभी राहिली. चौकशीच्या अहवालात लिहिलं होतं की मागच्या कप्प्यातला मृत्यू तत्काळ झाला असावा. घरी तेवढंच कळवण्यात आलं.

पण पुढच्या कप्प्यातल्या लोकांनी ठोके ऐकले होते. त्यांनी ते चौकशीत सांगितले नाहीत, बायकांना सांगितले. बायकांनी ते तिच्या आईपर्यंत पोचवले.

बोट दुरुस्त होऊन पुन्हा पाण्यात आली, आणि पहिल्याच खोल चाचणीत मोटररूम ठोठावू लागली.

*

"मॅडम, समुद्र म्हणजे तुमच्या घरचा नळ आहे का?" कप्तान धक्क्यावर उतरल्या उतरल्या म्हणाला. "हवा तेव्हा उघडायचा, हवा तेव्हा बंद? तीन वेळा नेलं तुम्हाला. तीनही वेळा तुम्ही म्हणता, कारण सापडलं नाही, अजून एक फेरी हवी."

"आवाज दर वेळी सारखा नाही," ती म्हणाली. ते अर्धसत्य होतं.

"सारखा असो नाहीतर वेगळा. मला तो नको आहे." कप्तानाने बोटीच्या पाठीकडे हात केला. काळ्या रबरी लाद्यांनी मढवलेली पाठ ओली, निस्तेज पडली होती, तिच्यावर प्रकाशसुद्धा चमकत नव्हता. "ही लाद्यांची कातडी कशाला चिकटवली आपण? बाहेरून कुणी आवाज फेकून आम्हाला शोधायला लागला तर तो गिळायला. बोट ढकलणारे ते शेपटीचे पंखे घ्या, विळ्यासारखी पाती, कशाला? पाण्यात बुडबुडा फुटू नये म्हणून. माझे लोक रबरी तळाचे बूट घालतात, स्वयंपाकी पातेल्याचं झाकण फडक्यात धरून ठेवतो. एवढा संसार मुका ठेवायचा आणि मागे कुणी दार वाजवत बसायचं! मैलोन्‌मैल ऐकू जाईल. सोमवारी लांबच्या फेरीवर निघायचंय. ऐकू गेलो तर आम्ही मेलो, इतकं साधं आहे ते."

"तुमचे लोक म्हणतात, तो आवाज आहे म्हणून झोप लागते."

"माझे लोक काहीही म्हणतात. स्वयंपाक्याला विचारा, तो म्हणेल मिस्त्रींना चहा ठेवू का." मग तो ओशाळला, टोपी काढून पुन्हा घातली. "माफ करा. तुमचे वडील. मला त्यांच्याबद्दल... तुम्हाला ठाऊक आहे. पण उद्याची फेरी शेवटची. उद्या कारण सांगा, नाहीतर मी तुमच्या साहेबांना दुसरा कान मागतो."

कप्तान गेला. दुरुस्तीचा फोरमन मागे रेंगाळला होता. बोट गोदीत आल्यावर, वरच्या सुटकेच्या झाकणातून मोटररूममध्ये पहिला उतरलेला माणूस हाच. मिस्त्रींबरोबर त्याने निम्मं आयुष्य काढलं होतं आणि उरलेलं निम्मं त्यांच्याशी भांडण्यात.

"काय गं," तो म्हणाला. सगळे मॅडम म्हणत, तो तिला फ्रॉकमध्ये पाहिल्यापासून ओळखत होता. "खरंच सापडलं नाही?"

ती हेडफोनची वायर गुंडाळू लागली.

"माझी शिट्टी गुल झाली होती पहिल्यांदा ऐकलं तेव्हा. मला वाटलं, म्हातारा माझ्यावर चिडला. वेल्डिंग बघून म्हणत असेल, हे काय शेण लावलंयस."

"तुम्ही तो पाना तिथे का लावलात, काका?"

फोरमनने मान खाली घातली. दाराच्या शेजारी, फासळीवर, मिस्त्रींचा मोठा पाना लावलेला होता. त्यांच्यानंतर लावलेला, यंत्रांच्याच राखाडी रंगात रंगवलेला, म्हणजे तपासणीला येणाऱ्याच्या डोळ्यात भरू नये. बोटीवरच्या प्रत्येकाला तो ठाऊक होता. मोटररूममध्ये शिरताना प्रत्येक जण त्याला बोट लावून जाई.

"दाराशी सापडला, दाराशीच राहू दे म्हटलं," तो म्हणाला. "मग कुठे टांगू? कॅन्टीनमध्ये? तिथे त्यावर टोप्या अडकवल्या असत्या."

"पलंगाच्या इतक्या जवळ?"

पलंग हा गोदीचा शब्द. पाणबुडीची यंत्रं तिच्या अंगाला थेट लावत नाहीत. ती सगळी एका जाड पोलादी चौकटीवर बसवतात, आणि ती चौकट रबरी पायांवर बोटीच्या आत नुसती टेकलेली असते, म्हणजे यंत्रांची थरथर रबरात मुरते, अंगापर्यंत आणि पुढे समुद्रापर्यंत पोचत नाही. यंत्रं झोपतात नि आपण उभे, म्हणून पलंग. त्याचा एकच नियम: पलंग आणि बोटीचं अंग यांच्यामध्ये काहीही कडक राहता कामा नये. विसरलेली पट्टी नको, खिळा नको, रबरावर चुकून मारलेला रंगाचा थरसुद्धा नको.

"नियम मला शिकवतेस?" फोरमन जरा तापला. "नखभर फट सोडली होती. पत्रा घालून बघितली, तुझ्या आईची शपथ. पाना फासळीला, आणि त्याची शेपटी पलंगापासून नखभर दूर. कुठेही टेकत नाही."

"गोदीत," ती म्हणाली.

फोरमनने तिच्याकडे पाहिलं. मग बोटीकडे. उमगायला त्याला वेळ लागला नाही. त्याचा चेहरा हळूहळू सैल पडला. वर गोदीत, कोरड्यात, फट नखभर होती. खाली भिंती जवळ येतात.

"अरे देवा," तो म्हणाला. "मी. म्हणजे मीच."

"अजून कुणाला सांगू नका."

"का?"

ती हेडफोनची पेटी उचलून चालू लागली.

*

तिला पहिल्याच फेरीत कळलं होतं. दोन थंड पाण्याचे पंप पलंगावर शेजारी शेजारी चालतात, जवळजवळ एकाच वेगाने, पण अगदी एका नाही. त्यांचे हेलकावे जुळतात, सुटतात, पुन्हा जुळतात. जुळले की पलंग जरासा जास्त हलतो आणि पान्याची शेपटी त्याला लागते. एक ठोका. तिसरा, छोटा पंप थोड्या थोड्या वेळाने आपोआप सुरू होऊन बंद पडतो. तो चालू असला तरच पलंग तेवढा हलतो, आणि तेवढ्यात तीन ठोके बसतात. मग खंड. कागदावर एका बाजूला मावेल एवढं गणित होतं. तिने ते केलं, बरोबर आलं, आणि कागद चुरगळून टाकून दिला.

कारण गणितात नसलेली एक गोष्ट होती. ते ठोके त्यांच्यासारखे होते. वडील घरातली कुठलीही गोष्ट ठोकत ती तशीच: घाई नाही, हाताचं वजन पडू देत, आणि तिसऱ्यानंतर थांबून ऐकत. लहानपणी त्यांनी तिच्या कानाला स्क्रूड्रायव्हरची मूठ लावून दुसरं टोक पंख्याच्या मोटरवर टेकवलं होतं. "ऐक," म्हणाले होते, "सगळ्या वस्तू बोलतात, आपण मध्ये बडबड करतो." तिचं सगळं शिक्षण त्यानंतर त्याच वाक्यावर चढत गेलं. आता कुठल्या तोंडाने ती त्यांना गप्प करणार होती?

आणि आई होती.

"आज बोलले का हे?" दार उघडतानाच आईने विचारलं. टॉवेल हातात, चहाचं पाणी गॅसवर. गेल्या दोन फेऱ्यांनंतरही तिने हेच विचारलं होतं. नवऱ्याचं नाव ती हयातीत घेत नसे, आता तर प्रश्नच नव्हता.

"हं."

"तीनदाच?"

"तीनदाच."

आईच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं. ती बसली. वडील गेल्यावर वर्षभर ती रात्री दिवा मालवत नसे. बोट पुन्हा ठोठावू लागल्याची बातमी आल्यापासून मालवू लागली होती. चेहरा भरला होता. शेजारणीशी पुन्हा भांडू लागली होती, हे सगळ्यात चांगलं लक्षण.

"बोलावतात गं आपल्याला," ती म्हणाली. "तिथे एकटे पडलेत. पण एक बरं आहे. बाळ सोमवारी जाणार ना, तर मला यंदा घोर नाही. हे आहेत बरोबर."

बाळ म्हणजे आईचा धाकटा मुलगा, तिचा भाऊ, तिशीला टेकलेला, त्याच बोटीवर, मोटररूमच्या पुढच्याच कप्प्यात. अपघाताच्या दिवशीही तो तिथेच होता.

तो आतल्या खोलीत बूट काढत होता. त्याने हे ऐकलं, आणि बुटाची नाडी सोडायचं थांबवून तसाच वाकून बसून राहिला.

"काय रे?" तिने दाराशी जाऊन विचारलं.

"काही नाही, ताई."

"जेवत नाहीस, आई म्हणत होती."

"आईला सांग, बोटीवर खातो."

"स्वयंपाकी म्हणतो, बोटीवरही खात नाहीस."

"तुझे कान म्हणजे ना..." तो हसायला गेला, ते जमलं नाही. मग खाली बघूनच म्हणाला, "तो आवाज सापडेल ना गं? उद्या?"

तिने वाकून त्याच्या बुटाची नाडी सोडली. त्याने दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्या घरात बोलणं असं अर्ध्यात सोडायची सवय सगळ्यांना झाली होती.

*

दुसऱ्या दिवशी, खाली, ठोके सुरू झाल्यावर तिने कप्तानाला पंप बंद करायला सांगितलं.

"सगळे?"

"थोडा वेळ. यंत्रं तापणार नाहीत."

पंप बंद झाले. मग हवा खेळवणारे पंखे. मग कुठून कुठून येणारी गुणगुण, जी आहे हे ती थांबल्यावरच कळतं. पाणबुडीत खरी शांतता पडते तेव्हा माणसं एकमेकांकडे बघत नाहीत. दोरा झुकलेला होता. इलेक्ट्रिशियनने श्वास रोखून धरला होता. आडभिंतीचं दार उघडं होतं, आणि त्या गोल चौकटीत पलीकडच्या कप्प्यात तिचा भाऊ पाठमोरा उभा होता.

तिने ऐकलं.

काही नाही.

हे व्हायलाच हवं होतं. तिचं गणित हेच सांगत होतं. तरीही तिला असं वाटलं की कुणीतरी बोलता बोलता तिच्याकडे पाहून थांबलं आहे आणि ती काय म्हणते याची वाट बघतं आहे. हेडफोनमध्ये समुद्राची बारीक सळसळ होती, आणि त्या सळसळीखाली तिला एक श्वास ऐकू आला, लांब, संथ, म्हाताऱ्या माणसाचा. तो तिचा स्वतःचा असणार. तिने श्वास धरला. सळसळीखालचा श्वास लगेच थांबला नाही. एकदा बाहेर पडला, आणि मग थांबला.

याचं कारण तिला तेव्हाही देता आलं नाही आणि नंतरही नाही.

तिचा हात आपोआप पुढे झाला. काय करतो आहे हे कळण्याआधी तिने बोटांच्या पेरांनी फासळीवर वाजवलं. ठक, ठक, ठक. घरात बाथरूमचं दार वाजवावं तसं. आत आहात का?

पलीकडे तिचा भाऊ ओरडला.

तो शब्द नव्हता. तो मागे वळला तेव्हा त्याचे दोन्ही हात छातीपुढे, मुठी वळलेल्या, अदृश्य काहीतरी घट्ट पकडलेल्या. जणू चाक. ते हात डावीकडे ओढत होते, ओढत होते. दोन खलाशांनी त्याला धरून खाली बसवलं.

"पंप सुरू करा," कप्तान म्हणाला. तिच्याकडे पाहून, हळू: "मॅडम, बास आता."

*

धक्क्यापासून घरापर्यंत दोघं चालत आली. गोदीच्या भिंतीला लागून रस्ता, सायकली, भोंगा होऊन सुटलेली माणसं, कुणीतरी कुणालातरी मोठ्याने शिव्या देत हसणारं. दुपार कलली होती. त्याच्या चालण्यात दम नव्हता, म्हणून तिने आपला वेग कमी केला.

आई स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. वर न बघता तिने विचारलं,

"आज बोलले का हे?"

"आई, पुरे," भाऊ म्हणाला.

सुरी थांबली. या घरात एवढ्या मोठ्याने कुणी बोललं नव्हतं.

"काय पुरे?"

"ते बोलावत नव्हते." तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. "सगळ्यांनी ऐकलं, सगळ्यांना वाटलं ते वाजवतायत. वाजवत मी होतो."

"काहीतरीच बोलू नकोस. तू तर अलीकडे होतास."

"दाराला दोन्हीकडून चाक असतं, आई. एक फिरवलं की दुसरं फिरतं. कुणी अडकू नये म्हणून तसं केलंय." तो भिंतीशी बोलावं तसं बोलत होता, शब्द निवडून, परीक्षेत उत्तर द्यावं तसं. "कप्तान ओरडला, दाराला हात लावू नका. दिवे गेले होते, कुणी पाहिलं नाही. मी लावला. आत पाणी गुडघ्याएवढं असेल फार तर, मला वाटलं पटकन उघडीन, ओढून घेईन, पटकन लावीन. चाक ओढलं. ते थोडं फिरलं आणि ठक करून अडकलं. पुन्हा ओढलं. ठक. तिसऱ्यांदा सगळं अंग टाकलं त्यावर. ठक."

आईने सुरी खाली ठेवली.

"त्यांनी पाना घातला होता," तो म्हणाला. "पलीकडच्या चाकाच्या आऱ्यांत. आडवा. त्यांना माहीत होतं मी उघडणार. दुसऱ्या कुणी उघडलं नसतं, आई, सगळे शहाणे आहेत. मी उघडीन हे माहीत होतं म्हणून त्यांनी पाना घातला." तो थांबला. "मग मी सोडलं. त्यानंतर आवाज झाला नाही. एकदाही नाही. त्यांनी दार वाजवलंच नाही. वाजवलं असतं तर मी पुन्हा ओढलं असतं, म्हणूनच नसेल वाजवलं."

गॅसवर काहीतरी उकळत होतं. लेकीने जाऊन तो बंद केला. तिला फोरमन आठवला: दाराशी सापडला. सुटकेच्या झाकणातून पहिला खाली उतरलेला माणूस. त्याने पाना आऱ्यांत पाहिला असणार, आणि दोन वर्षं एका शब्दाने बोलला नव्हता. तिच्या डोक्यात आकडेही आले, ते तिला थांबवता आले नाहीत: कप्प्याचं आकारमान, नळाचा व्यास, त्या खोलीवरचा दाब. दार हातभर उघडलं असतं तर पुढचा कप्पा किती वेळात भरला असता, बोट वर यायला किती हवा कमी पडली असती. उत्तर एकच येत होतं. चाळीस अधिक एक.

"आणि आता दर फेरीला," भाऊ म्हणाला, "खाली गेलो की ते पुन्हा सुरू होतं. सगळ्यांना वाटतं, मिस्त्री राखण करतायत. माझे हात चाकावर जातात. झोपेतसुद्धा. पुढच्या वेळी खरंच दार लागलेलं असेल आणि पलीकडे खरंच पाणी असेल, तर मी काय करीन, मला सांगता येत नाही."

आईने सोललेला बटाटा पाण्यात टाकला, पुन्हा बाहेर काढला, पुन्हा टाकला.

"मेला स्वभावच तो," ती शेवटी म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "बाहेर जाताना कुलूप लावून झालं तरी परत परत ओढून बघणार. मी म्हणायची, अहो, चोरसुद्धा एवढं ओढत नाही." तिने डोळे पुसले नाहीत; ते वाहत राहिले. मग मुलाकडे हात केला. "इकडे ये. ये म्हणते ना. एवढा मोठा झालास तरी उभाच राहतोस चौकटीत."

तो आला आणि तिच्या पायाशी बसला. आईने त्याचे हात आपल्या हातात घेतले, उलटे केले, तळवे पाहिले, जणू तिथे चाकाचा वळ अजून असेल.

मग तिने लेकीकडे पाहिलं.

"तू विज्ञान शिकलीस," ती म्हणाली. "मला खरं सांग. तो आवाज यांचा आहे?"

आतापर्यंत हा प्रश्न तिला कुणी इतक्या सरळ विचारला नव्हता. तिच्या मनात सळसळीखालचा तो लांब श्वास येऊन गेला. तो तिने स्वतःपाशी ठेवला.

"दोन पंप आहेत, आई. आणि काकांनी लावलेला पाना. बोट आकसते, फट मिटते, पाना पलंगाला लागतो. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

"पहिल्या दिवसापासून?" भावाने मान वर केली.

"हो."

"आणि तू ऐकायला जात होतीस."

"हो," ती म्हणाली. "ऐकायलाच."

त्याने तिच्याकडे पाहिलं. राग येईल असं तिला वाटलं होतं. त्याने फक्त मान हलवली, थकलेली, समजून घेतल्यासारखी, आणि कपाळ आईच्या गुडघ्यावर टेकलं.

"तो आवाज लांबवर ऐकू जातो, आई," ती म्हणाली. "शोधणाऱ्याला आपली बोट त्यावरून सापडेल. सोमवारी बाळ तिच्यात असेल."

आईने मुलाच्या केसांवर हात ठेवला, आणि दुसऱ्या हाताने, खिडकीपाशी ठेवलेल्या फोनकडे बोट दाखवलं.

लेकीने नंबर लावला. पलीकडे गोदीचा गोंगाट होता. फोरमन ओरडून, कोण आहे, कोण आहे, विचारत होता. मग तिने "मी" म्हटलं आणि त्याने फोन गोंगाटापासून दूर नेला. तोही वाट बघत होता, सगळेच बघत होते.

"काका," ती म्हणाली, "तो पाना आज काढा."